लाल बटणाचं काम

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दोन बोटं माझ्या प्रोग्रॅमनं नेली. लोक म्हणतात मोटारीनं नेली. म्हणू देत.

निरवांगीच्या आमच्या विहिरीवर मी बनवलेला, मोटार सांभाळणारा बॅटरीवरचा डबा होता. लाइट गेली की तो मोबाइलवर मेसेज टाकायचा, आली की मोटार चालू करायचा. लाल बटण दाबलं की लाइट आली तरी मोटार बंदच राहणार, हा माझा शब्द. आबांची जन्माची सवय, मोटारीला हात लावायच्या आधी फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकायचा. डबा आल्यावर ती सुटली. "पोरीनं केलंय, आता कशाला?" असं गावभर सांगायचे.

त्या दिवशी लाइट गेली. आबांनी बटण दाबलं आणि मोटार-पंप जोडणाऱ्या कपलिंगचा नट आवळायला हात घातला. लाइट आली, मोटार फिरली.

दवाखान्यात ते ज्याला त्याला सांगत होते, "माझाच गाढवपणा. फ्यूज काढाय पायजे हुता." मी मान खाली घालून उभी.

डबा घरी टेबलावर घेतला. आतली छोटी ऑपरेटिंग सिस्टीमही माझीच. टायमरचा इंटरप्ट, म्हणजे ठोका, सेकंदाला हजार वेळा येऊन शेड्युलरला उठवतो, आणि आता पाळी कोणत्या कामाची ते शेड्युलर ठरवतो. काय चाललंय बघायला मधे प्रोग्रॅमला स्क्रीनवर ओळी छापायला लावल्या, की मेलं बटण बरोबर चालायचं! छापणं काढलं की पुन्हा ठप्प. आठ दिवस डोकं फोडलं तेव्हा दिसलं. रेंज नसली की मेसेजचं काम प्रयत्न करतच बसायचं. छापताना ते जरा थांबायचं, तेवढीच बाकीच्यांना सवड. इंटरप्ट येत होते, पण शेड्युलर दर वेळी मेसेजलाच पुढं काढायचा, कारण तो मान त्याला मीच दिला होता. लाइट आली की मोटार चालू करायचं काम तेवढं मेसेजच्याही वर, आणि बटण सगळ्यांत खाली. कॅनॉलच्या वरच्या अंगाच्या माणसानं आपलं दार बंद केलं नाही तर टेलला, शेवटच्या रानाला, पाणी पोचत नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मला सुचलं नाही. स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

सकाळी आबांपुढं बसले. "आबा, चूक तुमची न्हाय. बटणाचं काम मी सगळ्यांच्या मागं लावलं हुतं."

वाटलं, शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या. आबांनी वेगळंच विचारलं.

"असला डबा आणि कुणाकडं हाय?"

"सांगवीला, मावशीच्या विहिरीवर."

"चालू हाय?"

चालूच होता. आठ दिवस मी माझंच दुःख कुरवाळत बसले होते.

"फोन लाव आधी!" आबा ओरडले.

मावशीच्या यजमानांनी उचलला. "बोल की पोरी. लाइट गेलीय, बटण दाबून मोटारीचंच काम करतोय बघ."

"काका, हात बाहेर काढा," मी किंचाळले. "आधी हात बाहेर काढा!"