कणगीतला पासपोर्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भूतखेत, करणी असल्या गोष्टींना मी कायम हसत आलो. वय एक्कावन्न. मुळशी धरणाजवळ घर, भाताची चार खाचरं.

धाकटी बहीण शकू जर्मनीत मास्टर्स करत होती. नवरा सोडून गेलेला, पदरात दहा महिन्यांची ओवी. पाळणाघरात जागा मिळेना. पोरीला मांडीवर पाजत लेक्चर ऐकायची... शेवटचं सेमिस्टर उरलेलं. तिनं आईला बोलावलं – "चारच महिने ये गं." आईनं जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला.

व्हिसा लागून तो कुरिअरनं आला, माझ्या हातात. मी तो कणगीत, भाताच्या तळाशी खुपसला. आईला सांगितलं, व्हिसा नाकारला. शकूला फोनवर म्हणालो, "आई न्हाई म्हणतीय. लावणीचे दिवस हायेत." आईकडे स्वतःचा फोन नव्हता, माझा मी तिच्या हाती लागू दिला नाही. लावणी हा बहाणा होता. शकूच्या शिक्षणासाठी मला बारावीनंतर शेतात उतरवलं होतं... त्याचा सूड होता तो.

शकूनं कोर्स सोडला, गोदामात कामाला लागली. आईशी बोलणं टाकलं. वर्षभरात आई गेली, तर दहाव्यालाही आली नाही.

पुढं व्हिडिओ कॉलवर ओवी होती, तीन वर्षांची. आजीला कधी न पाहिलेली, मराठी अडखळत बोलणारी. स्क्रीनला नाक लावून म्हणाली, "भातात काय लपीवलंस रं?"

शकू हसली. "दादा, तूच शिकवलंस ना हिला हे गावठी?"

ओवी हसली नाही. "तुला भात गिळू द्यायची न्हाई."

आवाज पोरीचाच. बोलणं हुबेहूब आईचं.

फोन ठेवून अख्खी कणगी उपसली. पासपोर्ट नव्हता.

त्या दिवसापासून माझ्या ताटातला भात कच्चा लागतो. तेच पातेलं, तोच डाव. पोरं मिटक्या मारतात, माझ्या दाताखाली तांदूळ कडकड वाजतो. लग्नात, हॉटेलात, कुठंही. बायको म्हणते, "दात दाखवा, न्हाईतर डोकं तरी." दोन्ही दाखवलं. एकदा माझ्याच ताटातला घास तिला दिला. "लोण्यावानी हाय की ओ!"

भाकरीवर जगतोय. हे कसं होतं, मला अजून कळलेलं नाही. का होतं, ते विचारायला तोंड नाही.

शकू अजून म्हणते, "आईनं मला टाकलं." आई यायला निघाली होती, मी अडवली – एवढं तरी मी शकूला सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.