मिलच्या फाटकावरची पाणपोई

ही गोष्ट या चैत्रापर्यंत मी कुणालाही सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि मी कोण? जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं अख्खं हिंगणघाट म्हणतं, ती. एवढं एक मात्र गिळून बसले होते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पाहुण्यांना आमचं गाव दाखवते. बंद मिल, तिची चिमणी, कापसातली सरकी काढायचे जुने जिन, वणा नदीचा घाट. नागपूरची, पुण्याची मंडळी येतात, फोटो काढतात. मी बोलते छान, खोटं कशाला बोलू? – बघा, नेमका हाच शब्द आला.

शेवटी मी सगळ्यांना मिलच्या फाटकाशी आणते. तिथं कडुनिंबाखाली पाणपोई आहे. मिल बंद पडली, भोंगा वाजायचा थांबला, पाणपोई चालू आहे. "ही माझ्या वडिलांनी सुरू केली," असं मी तिथं सांगायची. वर्षानुवर्षं सांगायची.

बाबांनी नव्हती केली.

केली नामदेवकाकांनी. काका बौद्ध, कताई खात्यात कामाला. बाबा विणकाम खात्यात, मागावर. तिथं मजुरी जास्त. तेव्हा धोट्यात – मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या त्या लाकडी होडीत – सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढावं लागे. एकाच धोट्याला सगळ्यांची तोंडं लागायची. म्हणून काकांसारख्यांना मागावर येऊ देत नसत – उष्टं कसं चालेल? एकमेकांचं चालायचं बरं का, त्यांचं तेवढं चालत नव्हतं. काकांनी मागावर बदली मागितली, तेव्हा अडवणाऱ्यांत माझे बाबा सगळ्यांत पुढे होते.

आणि काकांनी काय करावं? पुढच्या उन्हाळ्यात फाटकाशी दोन रांजण मांडले. पाळी सुटली की स्वतः उभं राहून पाणी वाढायचे. सुरुवातीला लोक बाजूनं निघून जात. मग आमच्या वैशाखानं एकेकाचं डोकं ठिकाणावर आणलं, आणि माणसं ओंजळ पुढे करायला लागली. बाबांनी नाही केली. ते घरून फिरकीचा तांब्या न्यायचे. त्यांचा डबा पोचवायला मी जायची, तेव्हा पाहिलंय – पाणपोई आली की मान दुसरीकडे. मरेपर्यंत तिथला घोटभर त्यांनी घेतला नाही.

मग मी असं का सांगितलं? पहिल्याच खेपेला एका मुलीनं विचारलं, ही कुणी सुरू केली हो? माझ्या तोंडून बाबांचं नाव निघून गेलं. सगळे काय मायेनं बघायला लागले माझ्याकडे! गोड लागलं मला, दुसरं काही नाही. पुढं दर वेळी थोडा मीठमसाला वाढत गेला. एका दुकानदारानं तर हौसेनं बाबांच्या नावाची फरशी बसवली तिथं. त्या दिवशी काकांची प्रमिला आली होती. माझी वर्गमैत्रीण, सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिनं फरशी वाचली. माझ्याकडे पाहिलं. आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. मी तिच्या बापाचं नाव पुसलं – आणि वर तिच्या हातावर पेढा ठेवला. याला हलकटपणाच म्हणतात ना?

या चैत्रात एका रविवारी मंडळी घेऊन गेले, तर प्रमिला रांजण धूत होती. ती अजून धुते, बापाचं काम म्हणून. मी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, ते आलंच नाही. म्हटलं, ही पाणपोई हिच्या वडिलांची. माझ्या वडिलांनी इथलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही, आणि हिच्या वडिलांना मागावर येऊ दिलं नाही ते त्यांनीच. मी आजवर खोटं सांगत आले.

भर उन्हाळ्यात अंगावरची गोधडी कुणी ओढून घ्यावी, इतकं मोकळं वाटलं. लाज होती, आहेच. तरी मोकळं वाटलं.

प्रमिलानं ओले हात पदराला पुसले. "मले माहीत होतं, तुले सगळं याद हाये," ती म्हणाली. "मी काऊन बोलू? तू कधी बोलते, ते पाहून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी गवंडी नेऊन मी ती फरशी काढवली. प्रमिला तिथंच होती. चहाला ये म्हणाली नाही, मीही रेंगाळले नाही. तिनं माफ केलं असं मी म्हणत नाही. मी माफी मागितलेली नाही – मागितली असती तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि माझ्यासाठी तिनं आधीच पुष्कळ केलंय.

भिंतीवर आता फरशीचा चौकोनी डाग तेवढा उरलाय. येणारे विचारतात, इथं काय होतं?

मी सांगते.