सोफेवाल्या काकूंचा ट्रस्ट

जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवण्यात काकूंचं आयुष्य गेलं. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागची एक खोली भाड्यानं दिलेली. त्यांना सगळे सोफेवाल्या काकू म्हणत. नवरा लवकर गेला. मुलगा शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. मुलगी चिऊ घरीच असे. वय पस्तिशीचं, समज आठ-नऊ वर्षांच्या मुलीची. पण खुर्चीच्या जुन्या कापडातल्या चुका, म्हणजे बारके खिळे, उपटावेत तर तिनंच. एकही खिळा मागं राहत नसे. काकू गिऱ्हाइकांना सांगत, "माझ्या चुका काढायला घरचंच माणूस ठेवलंय!"

काकूंना एकच घोर होता: माझ्यामागं हिचं काय?

दीर म्हणाले, "त्यात काय वहिनी? घर मुलाच्या नावावर करा. भाऊ आहे तो, टाकणार थोडाच!"

मुलगा खरंच गुणी होता. पण उद्या त्याची नोकरी गेली, घरात कुरबुरी झाल्या किंवा तोच आधी गेला तर? आणि घर चिऊच्या नावावर करावं तर गोड बोलून कुणीही तिची सही घेईल. अशा विचारांत काकूंचे हात थांबत. शेवटी त्या चिऊ लहानपणी जायची त्या विशेष शाळेतल्या बाईंना घेऊन वकीलबाईंकडे गेल्या.

"मृत्युपत्र करून टाकते," काकू म्हणाल्या.

"ते कराच," वकीलबाई म्हणाल्या, "पण मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर जागं होतं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर ते कपाटातच पडून राहणार. ट्रस्ट आजपासून चालू होतो. घर ट्रस्टचं. चिऊ आहे तोवर तिनं तिथं राहायचं, भाडं तिच्या खर्चाला. तिच्यानंतर नातवंडांना. आणि हे सांभाळायला तीन विश्वस्त. तिघांच्या सह्या झाल्याशिवाय घर विकता येणार नाही, आणि चिऊला तिथं राहायचं असेल तोवर मुळीच नाही."

काकूंनी तिघं ठरवले: मुलगा, शाळेतल्या बाई आणि स्वतः वकीलबाई.

मुलाला मात्र हे लागलं. "आई, परक्यांना मध्ये घातलंस? माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणून तर विश्वस्त केलं," काकू म्हणाल्या. "बाळा, तू वाईट वागशील अशी भीती नाही मला. तुझ्यावर वाईट वेळ येईल याची आहे. सगळं ओझं एकट्याच्या डोक्यावर कशाला?"

तो जेवला नाही, तसाच निघून गेला. पण पंधरवड्यानं आला आणि सही करून गेला.

दोन वर्षांनी कापड ताणता ताणता काकू खाली कोसळल्या. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखाना, मग व्यायामाचं केंद्र, असे कित्येक महिने गेले. पलंगावर पडल्या पडल्या त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाही आणि ते कशासाठी, हे त्यांना कुणाला सांगता येत नसे.

इकडे दिरांनी संधी साधली. शेजारच्या हॉटेलवाल्याला जागा हवीच होती. त्याला घेऊन ते दुकानात आले. "चिऊ बेटा, इथं नाव लिही. मग तुला छान मोठ्या घरात नेतो, खूप मैत्रिणी असतील तिथं."

चिऊ खुर्ची उलटी करून बसली होती. हातातली पक्कड तिनं खाली ठेवली नाही. "काका, घर माझं नाही. ट्रस्टचं आहे. मी फक्त राहते. आणि मला इथंच राहायचंय."

"अगं, पण..."

"दादाला विचारा. बाईंना विचारा. वकीलबाईंना विचारा. आणि बाजूला व्हा, पायाखाली चुका आहेत."

हॉटेलवाल्यालाच हसू आवरेना. तो आला तसा निघून गेला. काका मात्र हात चोळत उभे!

काकू घरी परतल्या तेव्हा दुकान उघडं होतं. शाळेतल्या बाईंनी चिऊच्या सोबतीला एक सुगरण बाई ठेवली होती. एका होतकरू कारागिरानं काम पुढं चालवलं होतं, मुलगा दर शनिवारी येऊन सगळ्यावर नजर टाकत होता. भाड्यातून चिऊचं सगळं वेळच्या वेळी होत होतं. तिच्या अंगावर नवा फ्रॉक होता आणि गालही वर आले होते.

आईला खुर्चीत बसवून मुलगा म्हणाला, "तेव्हा मी रागावलो होतो ना? एकट्याला हे झेपलं नसतं गं, आई."

काकूंची जीभ अजून अडखळत होती. तरी त्या सगळ्यांकडं बघून म्हणाल्या, "आपण मेल्याशिवाय... स्वर्ग दिसत नाही म्हणतात. मी... न मरताच... बघितला!" आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारून इतक्या हसल्या, की चिऊही टाळ्या पिटत सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात काठी टेकत टेकत काकू बहिणीबरोबर समुद्र बघायला निघाल्या. आजारपणाचे महिने वगळले तर चिऊला सोडून एक रात्रसुद्धा त्या कधी बाहेर राहिल्या नव्हत्या. गाडीच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "नीट राहशील ना गं?"

"हो!" चिऊ दुकानातूनच ओरडली. "आणि सारखा फोन करू नकोस. मला काम असतं!"