आक्काची कोरडी बाटली

मागच्या वर्षी मी इथे लिहिलं होतं, "आक्का समुद्र बघून समाधानाने गेली."

ते खरं नाही.

मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तुम्ही सगळ्यांनी ते वाचलंत, म्हणून दुरुस्तीही इथेच करते.

आक्का म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. आज तिला जाऊन वर्ष झालं.

मी शाळेत जायच्या आधी तीच माझी शाळा होती. जत तालुक्यातल्या आमच्या फाट्यावर मला उभं करायची आणि येणाऱ्या एसटीचा बोर्ड वाचायला लावायची. मी वाचलेला पहिला शब्द 'सांगली'. वाचायला उशीर झाला की म्हणायची, "गेली बघ तुझी गाडी."

लहानपणी ती आणि माझे वडील, आण्णा, आजोबांबरोबर मेंढरं घेऊन पश्चिमेला चालत जायचे. पार आंबा घाटाच्या तोंडापर्यंत.

तिथून आजोबा माघारी फिरायचे. फिरताना खाली हात करून सांगायचे, "तिकडं समुद्र हाय."

तो सगळा खारट असतो का, यावरून दोघा भावंडांचं तिथे भांडण लागलं. ते म्हातारपणापर्यंत चाललं.

"एवढं मीठ टाकलं कुणी त्यात?" आण्णा म्हणायचे.

"थांब, बाटलीभर आणून पाजते तुला," आक्का म्हणायची.

ती जायच्या काही महिने आधी, मी सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर असताना तिने मला फोन केला.

"सांगलीसनं रत्नागिरीला थेट एसटी हाय. मी इचारून ठेवलंय. तू आन मी जाऊ. भाकरी बांधून घिऊ. राह्याचं तितं गेल्यावर इचारू कुणालातरी."

'इचारू कुणालातरी' ऐकूनच मला प्रश्न पडायला लागले.

खोली नाही मिळाली तर? गुडघा धरला तर? टॉयलेट कुठे शोधायचं? कुणी फसवलं तर?

मी म्हटलं, "आक्का, सुट्टी नाही गं मिळत."

आणि तिचं ग्रुप टूरचं बुकिंग केलं. कोकण, तीन दिवस. जेवण, हॉटेल, सगळं त्यांच्याकडे. सेफ.

"शिट्टी वाजवून गोळा करत्यात म्हणं," ती म्हणाली. "जलमभर मेंढरं वळली मी. आता मला वळणार व्हय?"

मी हसले. तीही हसली. आणि टूरला गेली.

परत आल्यावर मी विचारलं, "बघितलास का समुद्र?"

"बघितला की. लय मोठा."

"आणि आण्णांची बाटली?"

"सांडली गं गाडीत."

टूरमधल्या कुणीतरी काढलेला फोटो तिने दाखवला. तिच्या मागे निळी रेघ होती. तोच फोटो मी मागच्या वर्षी इथे टाकला होता.

दोन महिन्यांनी तिला हार्ट अटॅक आला.

गेल्या महिन्यात कामासाठी कोरेगावला गेले होते. टूरमध्ये आक्काच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या काकू तिथल्याच. त्यांना भेटायला गेले. चहा झाला, आणि मी सहज म्हटलं, निदान समुद्र तरी बघितला तिने.

काकूंनी कप खाली ठेवला.

"लांबनं बघितला गं. रस्त्यावरनं. वीस मिन्टं दिलती आमाला. पायऱ्या उतरता उतरता तिचा गुडघा धरला. वाळूत पाय टाकणार, तवर शिट्टी झाली. मी म्हनलं, थांबा, सांगते त्यास्नी. तर म्हनली, नगं, आख्खी गाडी खोळंबंल. माझ्या पोरीनं लय हौसंनं पाठवलंय, कुणाची बोलणी नगंत."

बाटली तिच्या हातातच होती म्हणे.

टूरवाल्यांची यात चूक नाही, हेही लिहायला हवं. वीस मिनिटं त्यांच्या कागदावर छापलेली होती.

तो कागद मी तीनदा वाचला होता.

आता दुसरी दुरुस्ती. ही मला जास्त जड जातेय.

ऑफिसच्या कामामुळे मी तिच्याबरोबर जाऊ शकले नाही, असंही मी लिहिलं होतं. तेही खरं नाही. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

सुट्टी शिल्लक होती. मी अर्जच केला नव्हता.

मला भीती वाटत होती. एवढंच.

गावी जाऊन आण्णांना सगळं सांगितलं. 

ते म्हणाले, "मला तवाच कळलं हुतं. बाटली सांडली म्हनली, पर पिशवीतला एक कपडा वला न्हवता."

"मग बोलला का नाही?"

"तिनं एवढं झाकलं, ते मी कशाला उघडू? आन तू लय खुशीत हुतीस."

ते उठले, फळीवरून बाटली काढली. काचेची, पांढऱ्या टोपणाची. अजून तशीच कोरडी. माझ्या हातात दिली.

"भरून घिऊन ये. आता हरलो तरी चालंल मला."

म्हणून मी रत्नागिरीला जाते आहे. एकटी. एसटीने.

गाडीची वेळ स्टँडवर दोनदा जाऊन विचारली. तिसऱ्यांदा जायची इच्छा दाबून ठेवली आहे. 

खोली बुक केलेली नाही. तिथे उतरल्यावर विचारीन कुणालातरी.

वाळूत बसेन. कितीही वेळ.

आक्का, तुला वाकून नमस्कार. तुझी गाडी मी घालवली. ही घालवणार नाही.

येत्या शनिवारी. सकाळी साडेसहा. सांगली स्टँड.