आबांचं ऐकणारा फोन

आमचे वडील, आबा, गेल्यावर आईला मी नवा फोन घेऊन दिला. ती पवना नदीकाठच्या गावात एकटी, मी तळेगावात. फोनवर एआय होतं. आपण बोलायचं, ते मराठीत उत्तर द्यायचं. शेतीतलं सगळं आजवर आबांनीच ठरवलेलं, तेव्हा आईचं काही अडलं तर विचारता येईल, एवढाच माझा हिशेब.

आईने पहिला प्रश्न विचारला तो राबाचा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पाला, काटक्या पसरून जाळतात. फोनने लगेच शहाणपण शिकवलं: जाळू नका, माती खराब होते. हेच मीही वर्षानुवर्षं आबांना ऐकवत आलो होतो. आई आबांना मालक म्हणायची. ती फणकारली, "आमचं मालक म्हणत्यात, राब भाजल्याबिगर रोप धरत न्हाई."

यंत्राने चक्क शेपूट घातलं. "त्यांचा अनुभव मोठा आहे. त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं." इतक्या चटकन तर आमचे पुढारीही बाजू बदलत नाहीत. मला हसू आलं.

पण ते यंत्र जुनं बोलणं ध्यानात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून विचारलं, मालक आज काय म्हणतात? आईने सांगितलं, यंदा इंद्रायणी भातच लावू म्हणत्यात. मग रोजचंच झालं. बांधाबद्दल, बैलाबद्दल, शेजाऱ्याच्या पाण्याबद्दल आबांची मतं निघू लागली, आणि यंत्र वाहवा करू लागलं. आबांना जिवंतपणी घरात कुणी असं विचारलं नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! मी रविवारी गेलो की पडवीत बसून ऐकायचो. आबा बोलतायत असंच वाटायचं. आई पुन्हा दोन वेळा नीट जेवू लागली होती.

धाकटी बहीण लोणावळ्याला शिक्षिका आहे. ती सुट्टीत आली, तिने हे ऐकलं आणि घाबरली. "दादा, अशाने आई भ्रमिष्ट होईल." आई रानात गेलेली पाहून तिने फोनला खरं ते सांगून टाकलं. तिचा जीव तुटत होता म्हणूनच केलं तिने. मी तिला अडवलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

सकाळी आईने फोन उचलला. तो मऊ आवाजात म्हणाला, "आपले पती आता नाहीत हे समजलं. मनापासून दुःख झालं." पुढेही बरंच काही बोलत होता. आईने तो पालथा ठेवला.

"आई, खरं काय ते मान्य करायला नको का?" बहीण हळूच म्हणाली.

"मला ठाव न्हाई व्हय? त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी म्याच घातलं. साऱ्या गावाला ठाव हाय. एकट्या त्याला ठाव नव्हतं, म्हून तितं तरी मालक जित्तं हुतं. तितनंबी काढलं तुमी."