साडूंचा हिरवा रोबो

परग्रहांबद्दल आमच्या साडूंइतक्या खात्रीने बोलणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. श्रीगोंद्याच्या पुढे ते फारसे कधी गेलेले नाहीत, पण शनीच्या कड्यांवर वारा कुठल्या अंगाने येतो हे ते बशीतला चहा फुंकत सांगतात. हे सगळं ज्ञान एका कार्टून मालिकेचं. आमच्या तरुणपणी रविवारी सकाळी ती टीव्हीवर लागायची. एक खटारा अंतराळयान, ते चालवणारा, हमखास रस्ता चुकणारा, पोट सुटलेला रोबो, आणि दर भागाच्या शेवटी भलत्याच ग्रहावर उतरून त्याने म्हटलेलं, "चुकलो, पण पोचलो." मालिका वर्षभरात बंद पडली आणि लोक ती विसरले. साडू विसरले नाहीत.

साडू उसाच्या ट्रॉल्या रंगवतात. कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की त्यांच्या दुकानापुढे ट्रॉल्यांची रांग लागते. मालक 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहायला सांगतो; साडू ते लिहितातच, पण खाली कुणाला न विचारता रोबो काढतात. हिरवागार, पोटावर दोन बटणं, डोळ्यांत थोडी झोप. सुरुवातीला काही मालक भांडले. आता रोबो नसलेली ट्रॉली लोकांना उघडीबोडकी वाटते. खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. ऊसतोडीला आलेल्या एक बाई तर हा कुठला देव, हे विचारायला खास दुकानात आल्या होत्या. देव नाही, वाट चुकलेला पाहुणा आहे, असं साडूंनी अगदी गंभीरपणे सांगितलं. बाईंनी तरीही नमस्कार केलाच. आणि साडूंच्या तोंडून पसरलेलं रोबोचं ते 'चुकलो, पण पोचलो'? आमच्याकडे उशिरा आलेलं वऱ्हाडसुद्धा मांडवात शिरताना तेच म्हणतं. ते कुठून आलं हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

दुपारी त्या दुकानासमोर बसलं की मला गुंगी येते. धुळीच्या रस्त्याने ऊस भरलेल्या ट्रॉल्या डुलत डुलत जातात, प्रत्येकीच्या पाठीवर तो हिरवा गडी असतो, आणि वाटतं, ही सगळी वरात कुठल्या तरी दूरच्या ग्रहाकडेच निघाली आहे. चहा गार होतो तरी उठवत नाही.

यंदा हंगामाच्या आधी पुण्याहून परतलेल्या एका ट्रॉलीमालकाने घोळ केला. त्याने ती मालिका मोबाईलवर शोधून काढली आणि साडूंना चारचौघांत दाखवली. रोबो गुलाबी होता. साडूंनी मालिका पाहिलेली शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. रंग त्यांनी आपल्या डोक्याने ठरवला होता: अवकाश काळं, लाल रंग धोक्याचा, पिवळा भंडाऱ्याचा, मग हिरव्याशिवाय राहिलं काय? आपण तालुकाभर चुकीचा रोबो फिरवला, हे कळल्यावर त्यांनी सगळे ब्रश धुऊन फडक्यात बांधले आणि आठ दिवस दुकान उघडलं नाही. अर्ध्या रंगलेल्या ट्रॉल्या तशाच उभ्या. शेवटी मेव्हणीने मला फोन करून बोलावून घेतलं. हे आता ब्रश धरायचाच नाही म्हणतात, असं ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

साडू भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडले होते. मी बसलो तरी वळले नाहीत.

"पाव्हणं, तुमच्या घरी तर रंगीत टीवी हुता. तुमाला ठाव हुतं?"

खोटं बोलवेना. मी हो म्हणालो.

"मंग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी नव्या नात्याची भीड होती, हे खरं. पण पुढची गोष्टही तितकीच खरी होती, म्हणून तीच सांगितली. "साडूभाऊ, तुमचा हिरवा बघून बघून मला तो गुलाबी आठवेनासाच झाला."

ते माझ्याकडे वळले. मग उठून बसले आणि मला ती मालिका मोबाईलवर लावायला सांगितली. मी लावली, तर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि मोबाईल कानाशी धरला. यानाची घरघर, मग तो जुना, झोपाळू आवाज. इतक्या वर्षांनी तो ऐकताना साडूंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"हिरवाच हाय," डोळे न उघडता ते म्हणाले.

मीही डोळे मिटले. हिरवाच होता.