पाणी कसं उकळावं

आमची ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पुढे गिऱ्हाईक आरशात तोंड वाकडं करून फ्रेमी बघत असतं आणि मागच्या अरुंद खोलीत ही यंत्रावर वाकलेली. हात इतका स्थिर की बघत राहावं. पण त्या हाताला बटाटा सोलायचा म्हटलं की संपलं! पन्नाशीला आली तरी हिला गॅस पेटवायची भीती वाटायची.

दोष आईचा, दुसऱ्या कुणाचा नाही. ताईने लग्न केलं नाही, दोघी एकत्र राहायच्या. "दिवसभर डोळे फोडून येतेस, बस गप," म्हणत आई ताट पुढे सरकवायची. लाड करावेत, पण इतके? मग आई गेली आणि ताई पावाच्या तुकड्यावर राहायला लागली. मी डबा पाठवायची, तर म्हणे, "तुझ्या हातचं खारट असतं." म्हटलं, मर मग उपाशी. असं म्हणायचं आणि घरी येऊन रडायचं, दुसरं काय करणार? ती डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

तिला वाचवलं ते एका बाईने. बाई कधी भेटली नाही, आवाज ऐकला नाही. फोनवर पदार्थांचे ब्लॉग असतात ना, त्यातला एक. नाव 'करपलं पातेलं'. बाकीच्यांचे फोटो असे चकाचक की जेवण आहे की दागिने कळू नये, या बाईचा पहिलाच फोटो काळ्या बुडाचा, आणि खाली लिहिलेलं, "आज पुन्हा करपलं. चला, पुन्हा करू." ताई तिथेच अडकली.

आणि मग हिचे प्रश्न सुरू झाले. बाईने बटाट्याचं सूप लिहिलं की खाली ताई 'काचवाली' या नावाने विचारणार, बटाटे आधी सोलायचे की नंतर? झाकण ठेवायचं का? 'मऊ झाले' म्हणजे कळायचं कसं? मला लाज वाटायची हो. पण ती बाई कधी वैतागली नाही. "अगं पोरी, सुरी टोचून बघ. आरपार गेली की झालं." पन्नाशीच्या बाईला पोरी! ताई ते उत्तर मला फोन करून वाचून दाखवायची. आईनंतर तिला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

वर्षभरात हिने स्वतःचा ब्लॉग काढला, 'पहिला घाणा'. 'उतू गेलं'वाल्या बाई, 'दोन वाट्या'वाले मास्तर असा ब्लॉगवाल्यांचा गोतावळा जमला. खिडकीच्या कट्ट्यावर बशी ठेवायची, ऊन येईपर्यंत थांबायचं, फोटो काढायचा आणि गार झालेलं खायचं. अंगावर जरा मांस आलं. पण तिचा सगळा जीव एकाच गोष्टीत, पातेलंवाल्या बाईने एकदा म्हणावं, "जमलं गं तुला." हिने पहिला पाव भाजला आणि फोटो तिला पाठवला.

उत्तर आलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. इकडे दर शनिवारी बाईची नवी पोस्ट मात्र वेळेवर हजर. म्हणजे बाई आहे, लिहितेय, फक्त बोलत नाही. खरं तर ती कुणालाच उत्तर देत नव्हती, पण रुसलेल्या माणसाला तेवढं कुठे दिसतं! त्यात त्या पोस्टीही भलत्याच. अंडं कसं उकडावं. भात शिजला हे कसं ओळखावं. एका शनिवारी तर चक्क 'पाणी कसं उकळावं'. ताईचं डोकं फिरलं. "माझी टिंगल चाललीय," म्हणाली, आणि खाली लिहून मोकळी झाली, "वा! आता पुढच्या वेळी पाणी कसं प्यावं तेही शिकवा." त्यानंतर तिथे एक अक्षर टाकलं नाही.

या मंडळींत एक रीत आहे. ब्लॉगचा वाढदिवस आला की ज्यांच्यामुळे आपण शिकलो त्यांच्या कौतुकाची पोस्ट लिहायची. ताईने लिहिली. उतू गेलं, दोन वाट्या, सगळ्यांचे भरभरून आभार. पातेलंवाल्या बाईचं नाव गाळलं. मी म्हटलंही, "अगं, कृतघ्नपणा आहे हा." तर फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी त्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलं होतं.

"नमस्कार. मी पातेलंवाल्या बाईंचा नवरा. तुम्ही आमच्या हिच्यावर रागावलात असं दिसतं, म्हणून लिहितो. ती आता नाही. आजारपणात पडल्या पडल्या तिने पुढच्या पोस्टी लिहून, तारखा लावून ठेवल्या. त्या आपोआप येतात. तुमचा पाव पोचला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. त्या सोप्या पोस्टी तुमच्यासाठी नव्हत्या हो, मला खरंच पाणी उकळता येत नव्हतं. ती म्हणाली होती, माझं लिहिलेलं कळलं नाही तर खाली त्या काचवाल्या पोरीचे प्रश्न वाचा, तुम्हाला अडेल तेच तिला अडतं. तुमच्या प्रश्नांवर मी सूप शिकलो. पण अंड्याच्या पोस्टखाली तुम्ही काहीच विचारलं नाहीत. माझं अंडं रोज फुटतं. काय चुकत असेल?"

ताईने दुकानातूनच फोन केला. मागे यंत्र घरघरत होतं. "मी तिला टोमणा मारला गं," एवढंच पुन्हा पुन्हा. "मेलेल्या बाईला टोमणा मारला आणि तो तिच्या नवऱ्याने वाचला."

त्या संध्याकाळी मी गेले तेव्हा ती गॅसपाशी उभी होती. अंडी उकडत होती, फोडत होती, पुन्हा उकडत होती. मग अंड्याच्या पोस्टखाली तिने पूर्वीसारखा प्रश्न टाकला, "अंडं फ्रिजमधून काढून लगेच उकळत्या पाण्यात टाकलं तर फुटतं का?" आणि खाली स्वतःच उत्तर लिहिलं, "हो, फुटतं. गार पाण्यात ठेवून मग गॅस लावायचा." भाताखाली तसंच, पाण्याखाली तसंच. आभाराच्या पोस्टीत सगळ्यांच्या वर बाईचं नाव घातलं. टोमणा पुसायला गेली आणि थांबली. म्हणाली, "पुसून काय होणार? पोचला तो."

शनिवारी बाईची शेवटची पोस्ट आली. 'भांडं करपलं तर.' दोनच ओळी होत्या. पाणी घालून ठेवा. घासत बसू नका.

ताईने खाली विचारलं, "किती वेळ भिजवायचं?" आणि फोन मांडीवर घेऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, नवऱ्याचं. "रात्रभर. मी करून बघितलं, निघतं."

ताईने ते मला वाचून दाखवलं. मग फोन उलटा ठेवला.

"बघ ना," ती म्हणाली, "नुसतं 'रात्रभर'. 'पोरी' म्हणायला आता कुणी नाही."